कारणाचा रकाना

अपडेट झालं आणि सासूबाईंच्या फोनवरचं गोल घड्याळ चौकोनी झालं. बाकी काही बदललं नाही.

सकाळी सातपासून त्यांनी फोन चार्जरला लावला होता. ‘कृपया फोन बंद करू नका’ असं पडद्यावर आलं तेव्हा त्यांनी तो टेबलाच्या मधोमध सरकवून ठेवला, उगाच कुणाचं कोपर लागायला नको. पाऊण तासाने फोन पुन्हा सुरू झाला. त्यांनी चष्मा पुसला, सेटिंग उघडलं, वरून खालपर्यंत शोधलं, मग खालून वर शोधलं. शेवटी सुनेला हाक मारली.

“अगं, ती शब्दपट्टी कुठे दिसते? मला काही सापडत नाही. माझंच चुकलेलं दिसतंय. मधे एकदा फोन काहीतरी विचारत होता, तेव्हा मी ‘नाही’ दाबलं होतं बहुतेक.”

सून ऑफिसचा डबा भरत होती. तो अर्धवट ठेवून ती बाहेर आली.

शब्दपट्टी म्हणजे फोनवर पलीकडचा माणूस जे बोलेल ते लागलीच अक्षरांत पडद्यावर उमटवणारी नवी सोय. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी वाचायचं आणि उत्तर द्यायचं. ज्या कंपनीने ती काढली तिथेच सून नोकरीला होती, चाचणी विभागात. नवं सॉफ्टवेअर लोकांच्या फोनवर जाण्याआधी ते वापरून बघायचं, ताणून बघायचं, मुद्दाम चुकीची बटणं दाबून बघायचं, हे तिचं काम. एखादं अक्षर केसभर खाली घसरलं तरी तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ऑफिसात सगळे तिला भिंगताई म्हणत. शब्दपट्टी तिनेच तपासली होती आणि जेवताना मोठ्या कौतुकाने घरी सांगितलीही होती. तेव्हापासून दोन महिने सासूबाई या अपडेटची वाट बघत होत्या.

भिंगताईने त्यांचा फोन हातात घेतला, मागचा मॉडेल क्रमांक वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. हा क्रमांक तिने पाहिलेला होता. ‘कोणत्या मॉडेलला कोणती सोय’ या यादीत. त्यापुढे लिहिलं होतं, ‘लागू नाही’. आणि पानाखाली सही होती तिची स्वतःची! त्या दिवशी तीस पानं सहीला आली होती. आकड्यांच्या त्या रांगेत आपल्याच घरातला फोन तिला ओळखू आला नव्हता.

“तुमचं काही चुकलेलं नाही, आई,” ती त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाली. “मी ऑफिसात बघते.”

“बघ हं. घाई नाही.” सासूबाईंनी फोन पदराने पुसून जागेवर ठेवला.

घाई नाही असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण घाई होती आणि ती का, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली होती. कानाला हेडफोन आणि समोर छिद्राछिद्रांचा भलामोठा बोर्ड. कोण रडायच्या बेतात आहे, कोण थापा मारतंय, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं त्यांना नुसत्या ‘हॅलो’वरून कळे. आता त्याच कानांनी दगा दिला होता. कानात यंत्र होतं, त्यामुळे समोरासमोर बसलं की बोलणं समजायचं. पण फोनवर शब्द एकमेकांत मिसळून जात, ओल्या कागदावर शाई पसरावी तसे. त्यांची थोरली बहीण दूर दुसऱ्या गावी राहायची. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. त्यावर लिहिणं तिला जमायचं नाही, चेहरा दिसायची सोय नव्हती, फक्त बोलता यायचं. दर रविवारी दोघी बोलत. ऐकू आलं नाही की सासूबाई ‘हो हो’, ‘छान छान’ म्हणून वेळ मारून नेत. एका रविवारी बहीण म्हणाली, “यांना दवाखान्यात ठेवलंय गं, छातीत दुखत होतं.”

आणि सासूबाई म्हणाल्या, “अरे वा! छान छान!”

पलीकडून फोन ठेवला गेला. काय घडलं ते दुसऱ्या दिवशी मुलाने मावशीला फोन केला तेव्हा कळलं. भाऊजी बरे होऊन घरी आले, बहिणीचा रागही उतरला, पण सासूबाईंनी त्यानंतर फोन उचलणंच सोडलं. तो वाजला की त्या मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातात देत आणि स्वतः गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जात. सकाळी घालून झालेलं असलं तरी.

ऑफिसात पोचल्यावर भिंगताईने ती यादी पुन्हा उघडली. शब्दपट्टी, नव्या चार मॉडेलना लागू, जुन्या पाचांना लागू नाही. शेवटचा रकाना कारणाचा. पाचही ओळींत एकच कारण होतं, ‘फोनची क्षमता अपूरी’. पहिल्या ओळीत ‘अपुरी’चा उकार चुकून दीर्घ पडला होता आणि तीच चूक खालच्या चारही ओळींत जशीच्या तशी उतरली होती. म्हणजे कारण लिहिलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. आणि भिंग म्हणवणाऱ्या बाईला तेवढंही दिसलं नव्हतं!

ती उठली आणि ध्वनी विभागातल्या इंजिनिअरकडे गेली. काम करताना तो सतत स्वतःशी पुटपुटत असे, म्हणून त्याचं नाव पुटपुटे पडलं होतं. शब्दपट्टी मुळात त्याचीच निर्मिती.

“या पाच जुन्या फोनवर शब्दपट्टी चालवून बघितली होती का?” तिने विचारलं.

“कुणी?”

“कुणीही.”

पुटपुटे खुर्चीत मागे रेलला. “नाही. यादी वरून आली. नव्या फोनमध्ये असल्या कामासाठी वेगळी चिप असते, जुन्यांत नाही. म्हणून जुने सरसकट बाद.”

“म्हणजे त्यांच्यावर चालणारच नाही?”

“तसं मी कुठे म्हटलं, भिंगताई? हे बघा, माणसाचं फोनवरचं बोलणं खासगी असतं. ते आपण बाहेर कुठे पाठवत नाही, ऐकणं आणि लिहिणं सगळं फोनच्या आतच होतं. त्यात बारा भाषा, शिवाय भाषांतर. एवढं ओझं जुन्या फोनवर टाकलं तर तो तापेल, अडखळेल. हे खरंच आहे.”

“आणि ओझं कमी केलं तर? एकच भाषा. भाषांतर नको.”

तो थोडा वेळ पुटपुटला. मग म्हणाला, “ते मला कुणी विचारलंच नाही.”

संध्याकाळी भिंगताई घरी आली. तिचा नवरा पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक होता. तो नुकताच आला होता आणि ओला टॉवेल दोरीवर टाकत होता. सासूबाई भाजी निवडत होत्या. भिंगताई त्यांच्यासमोर बसली आणि जे घडलं ते एका दमात सांगून टाकलं. यादी, सही, उकाराची चूक, काहीच लपवलं नाही.

“आई, मी न बघता सही केली. तुम्ही सकाळी म्हणालात ना, माझंच चुकलेलं दिसतंय, ते ऐकून मला कसंतरीच झालं. चूक माझी होती.”

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

“तुला एक सांगते,” त्या म्हणाल्या. “आमच्या एक्स्चेंजमध्ये बाहेरगावच्या लाइनी मोजक्याच होत्या. त्यातल्या दोन मोठ्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या. कधी वापरात असत, कधी नुसत्या पडून. आम्हाला वरून ताकीद होती, कुणी विचारलं तर म्हणायचं, लाइन खराब आहे. एकदा एक बाई आली. तिचे वडील आजारी होते, बोलायचं होतं. मी म्हटलं, लाइन खराब आहे. ती बाकावर बसली. सकाळची दुपार झाली. दर तासाला यायची आणि विचारायची, झाली का हो दुरुस्त? मला वाटायचं, आत्ता जमीन फाटावी!”

“मग?”

“मग मी चौथ्या वेळी खरं सांगितलं. म्हटलं, बाई, लाइन चांगली आहे, पण ती राखीव आहे. तशी ती जी उठली, ती थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. काय बोलली देव जाणे, दहा मिनिटांत तिला लाइन मिळाली. मला मात्र मेमो मिळाला.” सासूबाई हसल्या. “अगं, नाही म्हणण्यात पाप नाही. लाइन तुटलेली असेल तर तुटलेली आहे म्हणून सांगावं, माणूस दुसरी वाट शोधतो. राखीव असेल तर राखीव म्हणून सांगावं, माणूस भांडतो. पण खोटं कारण दिलं ना, की त्याला काहीच करता येत नाही. तो आपला बाकावर बसून राहतो, आणि वर स्वतःलाच दोष देतो.”

भिंगताई म्हणाली, “पण आई, खरं कारण तरी आम्हाला कुठे माहीत आहे?”

“मग शोध की! भिंग म्हणतात ना तुला?”

दुसऱ्या दिवसापासून भिंगताई आणि पुटपुटे जेवणाची सुट्टी लवकर आटपून कामाला लागले. चाचणी विभागाच्या कपाटात प्रत्येक जुन्या मॉडेलचा एकेक फोन ठेवलेला असायचा. पाचही बाहेर निघाले, चार्ज झाले. पहिल्यांदा त्यांनी शब्दपट्टी होती तशी, बारा भाषांसकट, त्यांच्यावर चढवली. फोन इस्त्रीसारखे तापले. “नमस्कार, कसे आहात” हे वाक्य उमटायला एका फोनने अकरा सेकंद घेतले, एकाने तर मधेच मान टाकली आणि तो बंद पडला.

“यादीतलं कारण अगदीच खोटं नव्हतं तर,” भिंगताई म्हणाली. तिला थोडं बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

मग पुटपुटेने ओझं उतरवायला घेतलं. भाषा एकच ठेवली. भाषांतर काढलं, अक्षरांची सजावट काढली. आठवडाभर तो इतका पुटपुटत होता की शेजारच्या टेबलवाल्याने कानात कापूस घातला. नऊ दिवसांनी त्याने आटोपशीर शब्दपट्टी आणून दिली आणि भिंगताई ती तपासायला बसली. तिने तरुण आवाज घेतले, म्हातारे आवाज घेतले, सर्दी झालेला रखवालदार घेतला, बाहेर हातोडा चालू असताना बोलून बघितलं, तासभर सलग फोन चालवून तो किती तापतो ते मोजलं.

पाचांपैकी तीन फोनवर शब्दपट्टी चालली! अक्षरं दोन सेकंद उशिरा यायची, कधी एखादा शब्द चुकायचा, पण अर्थ कळायचा.

उरलेल्या दोघांवर मात्र चालेना. पुटपुटेने आणखी काटछाट करून बघितली, तर वाक्यांचा पार भुगा व्हायला लागला. त्या दोन फोनच्या मेमरीत ती मावतच नव्हती. आणि त्या दोनांतला एक मॉडेल क्रमांक सासूबाईंच्या फोनचा होता.

त्या दिवशी घरी जाताना भिंगताई जिना सावकाश चढली. ज्यांच्यासाठी एवढी धडपड केली, त्यांच्याच हाती काही लागणार नव्हतं. तिने चहा केला, कप समोर ठेवला आणि मग सांगितलं.

“आई, तुमच्या फोनवर खरंच होत नाही. आम्ही सगळं करून बघितलं. तीन मॉडेलवर होतंय. तुमच्यावर नाही.”

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. “नक्की बघितलंस?”

“डोळ्यांत तेल घालून बघितलं.”

“मग झालं तर!” त्यांनी चहाचा घोट घेतला. “म्हणजे लाइनच नाही. माझं चुकलं नाही, तुझं चुकलं नाही आणि फोनचंही चुकलं नाही. तो बिचारा बाकी सगळं करतोय की. आता मला निदान सेटिंग वरखाली करत बसायला नको.”

भिंगताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती तयारी करून आली होती ती निराशेची, आणि समोरच्या बाई निवांत बिस्किट बुडवत होत्या.

तेवढ्यात नवरा आतून आला. “तीन मॉडेल म्हणजे कुठली गं?” बायकोने सांगितली. त्याने खिशातला स्वतःचा फोन काढला, मागचा क्रमांक वाचला आणि आईसमोर ठेवला. “हा बघ, तिनातला एक. आई, हा तुला. तुझा मला दे. माझा फोन दिवसभर तलावावरच्या कपाटात असतो. मला बोलणं ऐकू येतं, अक्षरांची गरज नाही.”

“आणि तुझे ते फोटो?”

“दोन्ही फोन माझ्याकडे दे, तासाभरात इकडचे तिकडे करतो. एवढं काय!”

“थांबा,” भिंगताई म्हणाली. “तिन्ही मॉडेलना शब्दपट्टी द्यायची हे अजून ठरलेलं नाही. विभागप्रमुख हो म्हणाले तर.”

“मग त्यांना सांग,” सासूबाई म्हणाल्या, “एकदा ऐकू न येणाऱ्या माणसासमोर ठरवा म्हणावं.”

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या टेबलावर तारखांचा डोंगर असायचा आणि प्रत्येक तारीख कालची असायची. भिंगताईने त्याच्यापुढे तपासणीचा अहवाल ठेवला तेव्हा त्याने तो शेवटपर्यंत वाचला, आणि म्हणाला, “चांगलं काम केलंत. पण दोन सेकंद उशीर? लोक नावं ठेवतील. म्हणतील, कंपनीची वस्तू रखडते.”

“सर, एकदा प्रत्यक्ष बघा. ज्यांना हवी आहे त्यांच्या हातात देऊन बघा. माझ्या सासूबाई यायला तयार आहेत.”

तो जरा घुटमळला, पण हो म्हणाला.

मंगळवारी अकरा वाजता सासूबाई ऑफिसात आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, कानात यंत्र. बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. एका बाजूला विभागप्रमुख आणि पुटपुटे, दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि भिंगताई. मधे तीन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा एक फोन, त्यात आटोपशीर शब्दपट्टी.

“काकू, कुणाला फोन लावायचा?” विभागप्रमुखाने विचारलं.

“माझ्या ताईला,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी नंबर पाठ होता तो फिरवला. किती महिन्यांनी त्या स्वतःहून फोन लावत होत्या!

घंटा वाजली. पलीकडून काहीतरी आवाज आला. सासूबाईंना तो नुसता घोगरा गलका ऐकू आला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. एक सेकंद, दोन सेकंद. मग अक्षरं उमटली:

‘हॅलो कोण बोलतंय’

“ताई, मी बोलतेय. धाकटी!”

पुन्हा दोन सेकंद.

‘अगं धाकटे तू स्वतः बोलतेस होय’

सासूबाईंनी ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. पदर डोळ्यांना लावला आणि घाईने काढला, कारण डोळे झाकले तर पुढची ओळ चुकली असती.

“ताई, भाऊजी कसे आहेत?”

‘एकदम टुण टुण इथे आहेत’

विभागप्रमुख पुढे झुकला. “हे काय उमटलं?”

“टुणटुणीत आहेत!” सासूबाई खळखळून हसल्या. “अहो, कळतं ना ते! टुणटुणीत आहेत म्हणाली.” आणि मग फोनमध्ये, “ताई, त्या दिवशी मी छान छान म्हणाले ना, मला ऐकूच आलं नव्हतं गं. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं धाडसच झालं नाही मला.”

या वेळी अक्षरं यायला दोनाहून जास्त सेकंद लागले. चूक शब्दपट्टीची नव्हती. पलीकडचं माणूसच थांबलं होतं.

‘वेडी आहेस का मला ठाऊक होतं ते तुझ्या भाच्याने सांगितलं मी तुझ्या फोनची वाट बघत होते’

भाच्याने नव्हे, मुलाने सांगितलं होतं, पण तेवढी चूक बहिणीची होती की फोनची, हे विचारायचं भिंगताईलाही सुचलं नाही. पुटपुटेसुद्धा पुटपुटायचा थांबला होता.

फोन ठेवल्यावर विभागप्रमुखाने विचारलं. “काकू, दोन सेकंद थांबावं लागतं, त्याचा त्रास नाही होत?”

“साहेब, ट्रंक कॉल बुक करून लोक चार चार तास बसायचे माझ्यासमोर. तुम्ही दोन सेकंदांचं काय घेऊन बसलात?”

तो हसला. पण लगेच गंभीर झाला. “तुमच्याशी खोटं बोलत नाही. उशीर हे एक कारण. दुसरं असं की प्रत्येक जुन्या मॉडेलची तपासणी म्हणजे माणसं आणि वेळ. आणि तिसरं…” त्याने भिंगताईकडे पाहिलं. “नवीन फोन खपले पाहिजेत. त्यात काही नवं नसेल तर लोक तो घेणार कशाला? कंपनी चालते त्यावर. तुमच्या सूनबाईंची नोकरीही त्यावरच.”

“मग विका की नवे फोन!” सासूबाई म्हणाल्या. “कॅमेरा चांगला आहे म्हणून विका, बारा भाषा येतात म्हणून विका, न थांबता लिहितो म्हणून विका. ज्याला हवा तो हौसेने घेईल. पण जे माझ्या मुलाच्या फोनला जमतं, ते त्याला जमत नाही असं सांगून नवा विकू नका. आणि ज्याला खरोखर जमत नाही त्याला तसं सांगा. साहेब, त्या दिवशी सकाळी मी अर्धा तास समजत होते की मीच काहीतरी बिघडवलं. माझ्या वयाच्या माणसाला असं वाटायला लावणं फार सोपं असतं हो!”

विभागप्रमुखाने अहवाल पुन्हा जवळ ओढला. त्याला जोडलेलं जुन्या यादीतलं ते पाच ओळींचं पान त्याने कितीतरी वेळ पाहिलं.

“पाच वर्षं मी या याद्या पुढे पाठवतोय,” तो हळूच म्हणाला. “कारणाच्या रकान्यात जे असेल ते तसंच. एकदाही विचारलं नाही की हे खरं आहे का!” मग त्याने पेन काढलं. “तीन मॉडेलना आटोपशीर शब्दपट्टी द्या. दोघांना नाही म्हणायचं, पण नीट कारण देऊन. मजकूर तुम्ही लिहा, भिंगताई. आणि काकू, तो तुम्ही तपासा.”

सासूबाईंनी तो खरंच तपासला. भिंगताईने पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘क्षमता अपुरी असल्याने’. त्यांनी त्यावर काट मारली. “हे नको. वाचणाऱ्याला वाटतं आपलीच क्षमता काढताहेत.” शेवटी मजकूर असा ठरला: ‘शब्दपट्टी तुमच्या फोनच्या मेमरीत मावत नाही. आम्ही प्रयत्न करून पाहिला. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही आणि तुमचा फोन बिघडलेला नाही. सुरक्षेची अपडेट तुम्हाला आणखी दोन वर्षं मिळत राहतील.’

पुढचं अपडेट आलं तेव्हा घरात फोनांची अदलाबदल होऊन गेलेली होती. नवऱ्याच्या फोनवर आता मोठमोठी अक्षरं होती आणि ती लहान कशी करायची ते त्याला आठवडाभर सापडलं नाही. सासूबाई रविवारी बहिणीशी तासभर बोलल्या. शब्दपट्टीने भाऊजींचं ‘बागकाम’ ‘वाघ काम’ असं लिहिलं, त्यावर दोघी बहिणी इतक्या हसल्या की शेजारीण दारात येऊन बघून गेली.

अपडेटनंतरच्या आठवड्यात भिंगताईच्या विभागात लोकांचे अभिप्राय यायला लागले. तीन मॉडेलवाल्यांचे आभार येणार हे तिने गृहीत धरलंच होतं, ते आलेही. पण एक पत्र तिने दोनदा वाचलं आणि मग उठून पुटपुटेला आणि विभागप्रमुखाला नेऊन दाखवलं. ते उरलेल्या दोन मॉडेलपैकी एक फोन वापरणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. त्यांनी लिहिलं होतं:

‘मला ती सोय मिळाली नाही. पण दुकानात मला सांगितलं होतं की तुमचा फोन खराब झालाय, म्हणून त्यात नवीन काही येत नाही. मी तो टाकून देणार होते. तुमच्या निरोपामुळे कळलं की तो खराब नाही. माझी मापं, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळं त्यात आहे. आता टाकत नाही. खरं सांगितल्याबद्दल आभार.’

ज्या बाईंना काहीच मिळालं नव्हतं, त्या आभार मानत होत्या!

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या हातातले फोन दरवर्षी ‘जुने’ ठरतात. त्यातलं काही खरं असतं. यंत्राला मर्यादा असतात, सगळंच सगळ्यात मावत नाही, आणि ते मानून घेण्यात कमीपणा नाही. पण ‘होत नाही’ आणि ‘करायचं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली कुठली आपल्या वाट्याला आली हे कळण्याचा हक्क आपल्याला आहे. तेव्हा पुढच्या वेळी काही मिळालं नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, चांगली चालती वस्तू टाकायलाही धावू नका. आधी विचारा, का नाही? आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसणारे असाल, कुणाच्या नावापुढे ‘लागू नाही’ लिहिणं हे तुमचं काम असेल, तर सही करण्याआधी एकदा खरोखर बघा. मग नाही म्हणावं लागलं, तर खुशाल म्हणा. खरं कारण सांगून म्हटलेलं ‘नाही’ माणसं समजून घेतात!